उणे एक अंशाचा धडा

मे महिन्याच्या भर दुपारी नागपूर वा चंद्रपूरच्या रस्त्यावर उभ्या मोटारीत विसरलेला मोबाइल हातात घेतला, की पडद्यावर अनेकदा एक सूचना झळकते : उपकरण फार तापले आहे, थंड होईपर्यंत वापर थांबवावा. कधी पडद्याचा प्रकाश आपोआप मंदावतो, कधी कॅमेरा सुरू होत नाही, तर कधी फोन मुकाट्याने बंद पडतो. वापरणाऱ्याला तो बिघाड वाटतो. वस्तुतः त्या क्षणी फोनमधील एक छोटीशी आज्ञावली आपले काम चोख बजावत असते. चिंता करावी ती ही आज्ञावली असे काहीच करत नाही तेव्हा, किंवा कारण नसताना करते तेव्हा.

भारतातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात आणि अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असतो. घरोघरच्या वायफाय राउटरमध्ये, दूरचित्रवाणी संचांत आणि बँकांच्या सर्व्हरमध्येही बहुधा तोच असतो. जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. या गाभ्यात यंत्राचे तापमान सांभाळणारा जो भाग आहे, त्याची चर्चा तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर सहसा होत नाही. तो लिहिणारे थोडे आणि लिहिलेले वाचून 'हे चालेल' किंवा 'हे चालणार नाही' असे सांगणारे त्याहूनही थोडे. कर्नेलच्या अधिकृत यादीत या विभागाचे देखभालकर्ते आणि नेमलेले तपासनीस यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजता येईल इतकीच आहे. कोट्यवधी उपकरणांची सुरक्षितता काही प्रमाणात या मूठभरांच्या वाचनावर अवलंबून आहे.

या यंत्रणेची रचना समजण्यास फारशी अवघड नाही. लिनक्समध्ये तापमान नियंत्रणाची सर्वसामान्य चौकट २००८ मध्ये आली. तिचे तीन घटक आहेत. पहिला, तापमान मोजायचे ते क्षेत्र : प्रोसेसर, बॅटरी किंवा फोनचे बाह्य आवरण. दुसरा, थंड करण्याची साधने. पंखा हे त्यातले उघड साधन. परंतु फोनमध्ये पंखा नसतो, म्हणून प्रोसेसरचा वेग कमी करणे हाच तेथे थंडाव्याचा उपाय ठरतो. तिसरा घटक म्हणजे कोणत्या तापमानाला कोणते साधन किती वापरायचे हे ठरवणारे धोरण. प्रत्येक क्षेत्रासाठी काही उंबरठे आखलेले असतात. एक ओलांडला की वेग कमी होतो, आणखी वरचा ओलांडला की यंत्र बंद करण्याची प्रक्रिया सुरू होते. संवेदक मात्र प्रत्येक चिपमध्ये निराळा असतो आणि तो अंशांत बोलत नाही. तो केवळ एक कच्चा आकडा देतो. त्या आकड्याचे तापमानात रूपांतर करून ते गाभ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्याच्या हातून चूक झाली, तर पुढचे सर्व निर्णय चुकतात.

एखाद्या कंपनीच्या अभियंत्याने असा ड्रायव्हर लिहिला, की तो ईमेलने देखभालकर्त्यांकडे जातो. तेथे त्याचे ओळीओळीने वाचन होते, शंका विचारल्या जातात, सुधारित आवृत्ती येते आणि पुन्हा वाचन होते. पाचवी-सहावी आवृत्ती निघणे हे तेथे नेहमीचेच. लेखकाने प्रत्येक बदलाखाली आपल्या नावानिशी ग्वाही द्यायची, हा नियम २००४ मध्ये आला. आदल्या वर्षी एससीओ या कंपनीने लिनक्समधील कोडच्या मालकीवरून आयबीएमला न्यायालयात खेचले होते. त्या वादाची ही परिणती. वाचणाऱ्यानेही आपले नाव जोडायचे असते. त्या नावाचा अर्थ केवळ 'पाहिले' इतकाच नसतो. आपण हे काळजीपूर्वक वाचले, शंका लेखकाला कळवल्या आणि गाभ्यात घेण्याजोगे हे काम आहे असे आपले मत झाले, अशी ती जबाबदारीची नोंद असते.

तपासनीस नेमके काय पाहतो? तापमान अंशाच्या हजाराव्या भागात सांगायचे असा गाभ्याचा दंडक आहे. ड्रायव्हरने चुकून थेट अंश पाठवले तर धगधगता प्रोसेसर बर्फासारखा थंड भासेल. कर्नेलमध्ये अपूर्णांकी गणित सहसा वापरत नाहीत, तेव्हा कच्च्या आकड्याला मोठ्या संख्येने गुणून मग भागण्याची युक्ती करावी लागते. त्या गुणाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावेल का, हे पाहावे लागते. संवेदकाने उत्तरच दिले नाही तर ड्रायव्हर काय करतो, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. चूक झाल्याचे स्पष्ट कळवतो, की शून्य अंश सांगून मोकळा होतो? आणखी एक नेहमीची खोच क्रमाची आहे. तापमान-क्षेत्राची नोंद होताच गाभा पहिले मोजमाप मागू शकतो. संवेदक पुरता सुरू होण्याआधीच ड्रायव्हरने ही नोंदणी उरकली, तर त्या पहिल्या मोजमापात निरर्थक आकडा मिळेल आणि नुकतेच सुरू झालेले निरोगी यंत्र बंद पडेल. प्रयोगशाळेतील टेबलावर हे शंभर वेळा घडणार नाही, एकशे एकाव्या वेळी घडेल.

या वाचनाचे मोल कळण्यासाठी २०१५ मधील एका दुरुस्तीकडे पाहावे. तोवर गाभ्यात तापमान साठवण्याची एकच पद्धत नव्हती. कोठे उणे चिन्ह पेलू शकणारी संख्या वापरली होती, कोठे केवळ धन असणारी. धन संख्येच्या खणात उणे आकडा कोंबला, की संगणक तक्रार करत नाही. तो त्याच अंकांचा दुसरा अर्थ लावतो. ३२ द्विमान अंकांच्या खणात उणे एक अंश ठेवला, तर वाचताना तो सुमारे ४२ लाख ९४ हजार ९६६ अंश सेल्सिअस असा दिसतो. सूर्याचा पृष्ठभागही साडेपाच हजार अंशांच्या आसपास असतो! साहजिकच असा आकडा मिळताच यंत्रणा तातडीने यंत्र बंद करणार. पेंगुट्रॉनिक्स या जर्मन कंपनीतील विकासक साशा हाउअर यांनी ही विसंगती निदर्शनास आणून सर्वत्र एकाच प्रकारची, उणे चिन्ह पेलणारी संख्या वापरण्याचा बदल केला. अनेक ड्रायव्हर शून्याखालील तापमान असे अवाढव्य करून सांगतात आणि शून्याखाली सुरू केलेले यंत्र बहुधा लगेच बंद पडेल, हे कारण त्या बदलासोबत नोंदवलेले आहे.

येथे थोडे थांबून विचार करावा. असा ड्रायव्हर असलेले उपकरण मुंबईत वा पुण्यात वर्षानुवर्षे तपासले असते, तरी हा दोष कधीच उघडकीस आला नसता. तेथे पारा शून्याखाली जातच नाही. तेच उपकरण जानेवारीत लेहला नेले असते, तर सुरू होताच बंद पडले असते, आणि तेही अतिउष्णतेचे कारण सांगून. चाचणी करणारा जेथे उभा असतो, तेथपर्यंतच चाचणी पोहोचते. वाचणाऱ्याला मात्र लेहला जावे लागत नाही. 'हा आकडा शून्याखाली गेला तर?' एवढा प्रश्न मनात उमटला, की पुरे. चाचणीला पर्याय म्हणून नव्हे, तर चाचणीच्या आवाक्याबाहेरील प्रदेशासाठी वाचन लागते. तापमान नियंत्रणाच्या कामात हा प्रदेश फार मोठा आहे, कारण ज्या प्रसंगासाठी ही यंत्रणा आहे, तो प्रसंग सामान्य दिवशी येतच नाही.

त्याच वेळी या घटनेची दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. ते सदोष ड्रायव्हरही कोणी तरी वाचून, पसंत करूनच गाभ्यात घेतले होते. मग चूक सुटली कशी? प्रत्येक ड्रायव्हर सुटा वाचला, तर बरोबरच दिसत होता. दोष होता तो ड्रायव्हर आणि गाभा यांच्यातील करारात. म्हणूनच २०१५ ची दुरुस्ती एकेका ड्रायव्हरला ठिगळ लावून थांबली नाही, तिने करारच बदलला. अलीकडच्या काळातही या विभागाचे देखभालकर्ते दानिएल लेझकानो आणि राफाल विसोत्स्की यांनी याच दिशेने काम केले आहे. पूर्वी तापमानाचे उंबरठे सांगण्याचे काम प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या पद्धतीने करत असे. २०२२ पासूनच्या बदलांनी ते हळूहळू गाभ्याकडे आले. ड्रायव्हरने करायच्या गोष्टी जितक्या कमी, तितक्या त्याच्या हातून होणाऱ्या चुका कमी. चांगला तपासनीस एक चूक पकडतो. त्याहून चांगला तपासनीस तीच चूक पुन्हा करता येणार नाही अशी व्यवस्था करतो.

वाचनाला इतिहासाचीही जोड लागते. लॅपटॉप आणि मेजावरच्या संगणकांत तापमान बऱ्याचदा यंत्राच्या मूळ फर्मवेअरकडून मिळते आणि ते केल्विनच्या दहाव्या भागात असते. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३.१५ केल्विन, दहाव्या भागात मोजले तर २७३१.५. हा अर्धा मात्र पूर्ण संख्येत बसत नाही. म्हणून काही उत्पादकांनी २७३१ धरले, काहींनी २७३२. लिनक्सचा संबंधित ड्रायव्हर यंत्राचे कमाल तापमान पाहून, त्याला पाचने भागल्यावर काय उरते यावरून उत्पादकाने कोणता आकडा धरला असेल याचा अंदाज बांधतो. नवख्या अभियंत्याला ही ओळ वेडगळ वाटेल आणि 'सफाई' म्हणून तो ती काढूनही टाकेल. ती का आहे हे ठाऊक असलेला कोणी वाचायला बसलेला नसेल, तर ती सफाई गाभ्यात शिरेल. अनुभवी देखभालकर्ता निवृत्त झाला किंवा कंटाळून बाजूला झाला, की असे ज्ञान त्याच्याबरोबर जाते.

काही प्रश्नांना तर बरोबर उत्तरच नसते, केवळ तोलून घेतलेला निर्णय असतो. धोक्याचा उंबरठा ओलांडला की लिनक्स यंत्र एकदम तोडून टाकत नाही. चालू प्रोग्रॅमना आवरते घेण्याची, माहिती जतन करण्याची संधी देते. पण ते प्रोग्रॅमच अडकून पडले असतील तर? बंद होण्याची विनंती हवेत विरते आणि चिप तापतच राहते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील एका अभियंत्याने २०१७ मध्ये यावर राखीव उपाय सुचवला : ठरावीक वेळेत यंत्र रीतसर बंद झाले नाही, तर ते सक्तीने बंद करावे. हा बदल स्वीकारला गेला. परंतु तो ठरावीक वेळ किती? फार थोडा ठेवला तर जतन होत असलेली माहिती अर्धवट राहील, फार जास्त ठेवला तर चिप भाजेल. म्हणून तो आकडा उत्पादकाने आपल्या यंत्राची नीट पाहणी करून ठरवावा, असे तेव्हा ठरले आणि आकडा न दिल्यास हा उपाय लागू होणार नाही अशी योजना झाली. बऱ्याच प्रोसेसरमध्ये हार्डवेअरची स्वतःची शेवटची संरक्षक कडी असते हे खरे. पण तिच्या भरवशावर वरची कडी ढिली ठेवणे शहाणपणाचे नाही.

हे सारे उघड्यावर चालते म्हणून निदान त्याची चर्चा तरी करता येते. बंद दाराआडच्या आज्ञावलीबाबत तीही सोय नसते. जुलै २०१८ मध्ये ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोचा वेग जड कामाच्या वेळी अपेक्षेपेक्षा फार घसरतो, हे प्रथम जाहीरपणे दाखवले ते यंत्र विकत घेतलेल्या एका यूट्यूब परीक्षकाने. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने फर्मवेअरमधील एक डिजिटल किल्ली राहून गेल्याने तापमान व्यवस्थापनावर परिणाम झाल्याचे मान्य केले आणि दुरुस्ती दिली. २०२२ मध्ये सॅमसंगच्या फोनमधील एक सेवा अनेक ॲपचा वेग रोखून धरते, हे दक्षिण कोरियातील ग्राहकांच्या लक्षात आले. गतिचाचणीच्या ॲपना मात्र ती सेवा हात लावत नव्हती. गदारोळानंतर कंपनीला ग्राहकांना निवड देणारा बदल करावा लागला. दोन्ही प्रकरणांत दोष वा लपवलेले धोरण उघडकीस आले ते विक्रीनंतर, ग्राहकांच्या हाती.

लिनक्सवर चालणारा प्रत्येक फोन या बाबतीत निर्धोक आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. अँड्रॉइड फोनमधील चिप-उत्पादकांचे अनेक ड्रायव्हर मुख्य लिनक्समध्ये कधी येतच नाहीत. ते कंपन्यांच्या स्वतःच्या शाखांत राहतात. गुगलने अँड्रॉइड १२ सोबत, २०२१ पासून, नव्या फोनसाठी एकसमान गाभ्याची अट आणली. त्यामुळे गाभा एक झाला, पण उत्पादकांचे ड्रायव्हर स्वतंत्र तुकड्यांच्या रूपाने बाहेरच राहिले. त्यांचे वाचन कंपनीच्या आत झाले असेल तर झाले, आणि तेही बहुधा फोन बाजारात आणण्याच्या तारखेच्या दडपणाखाली. विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ॲपलसारखी कंपनी तर ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच फोन वापरण्याची शिफारस करते. उंबरठे ठरवणाऱ्याने हे उन्हाळे हिशेबात धरले होते का, हे ग्राहकाला विचारण्याची सोय नाही.

खुल्या व्यवस्थेपुढचे संकट निराळे आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रसृत केलेली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. २०२५ च्या आरंभी ओळींची संख्या चार कोटींवर गेली. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. बदल लिहिण्यासाठी कंपन्या पगार देतात, कारण त्यांना आपली चिप विकायची असते. दुसऱ्या कंपनीचा बदल वाचण्यासाठी पगार द्यायला फारसे कोणी उत्सुक नसते. वाचनाचे श्रम सर्वांच्या उपयोगाचे असतात आणि म्हणूनच ते कोणाचेच नसतात. गावातल्या सामाईक विहिरीचे पाणी सर्वांना हवे असते. गाळ काढायच्या दिवशी मात्र मोजकीच माणसे येतात.

या टंचाईचा गैरफायदा कसा घेता येतो, हेही दिसून आले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम सदोष बदल पाठवून तपासनिसांची परीक्षा पाहिल्याचे प्रकरण एप्रिल २०२१ मध्ये गाजले. त्या विद्यापीठाच्या योगदानावर बंदी आली, संशोधकांना निबंध मागे घ्यावा लागला आणि विद्यापीठाकडून पूर्वी आलेले चारशेहून अधिक बदल पुन्हा वाचावे लागले. त्यांतील बहुसंख्य निर्दोष होते. वाया गेला तो वाचणाऱ्यांचा वेळ. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरवाट पेरलेली आढळली. तिचे मूळही थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याचा विश्वास दोन वर्षांहून अधिक काळ खपून संपादन करण्यात होते. ती सापडली ती एका अभियंत्याला सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून.

आता या रांगेत यंत्राने लिहिलेला कोड येऊन उभा राहिला आहे. कर्नेलच्या एका ज्येष्ठ देखभालकर्त्याने जून २०२५ मध्ये एका परिषदेत सांगितले, की ६.१५ या आवृत्तीत आपल्या नावाने गेलेला एक बदल संपूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिला होता. तो स्वीकारणाऱ्या देखभालकर्त्याला याची कल्पना नव्हती. असती तर आपण अधिक बारकाईने पाहिले असते आणि त्यातील एक बारीक चूक सापडली असती, असे त्याने नंतर म्हटले. चूक किरकोळ होती, पण तिचा अर्थ किरकोळ नाही. वाचणारा अनोळखी लेखकाचे काम सावधपणे वाचतो आणि परिचिताचे विश्वासाने. लिहिणारा खरोखर कोण, हेच कळेनासे झाले तर त्या विश्वासाला आधार उरत नाही. शिवाय लिहिण्याचा वेग यंत्राने कितीही वाढवता येईल; समजून वाचण्याचा वेग तसा वाढलेला नाही. वाचनाच्या कामीही यंत्राची मदत घेण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते स्वागतार्ह आहेत. तरीही बदलाखाली नाव घालून जबाबदारी घेणारा माणूसच लागतो.

उपाय काय? युरोपीय संघाचा सायबर सुरक्षाविषयक नवा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. त्याचा रोख तापमानावर नसून सुरक्षिततेवर आहे. पण आपल्या उत्पादनात वापरलेल्या खुल्या घटकांबाबत योग्य दक्षता घेण्याची जबाबदारी तो उत्पादकावर टाकतो. दक्षता घ्यायची, म्हणजे कोणी तरी तो कोड वाचलेला असला पाहिजे. युरोपात माल पाठवणाऱ्या भारतीय उत्पादकांनाही हे चुकणार नाही. कायद्याच्या धाकाने का होईना, वाचनासाठी पैसे मोजण्याची सवय कंपन्यांना लागली तर ते इष्टच होईल.

महाराष्ट्राचा या कामाशी असलेला संबंध केवळ उन्हाळ्यापुरता नाही. पुण्यात रेड हॅट, एनव्हिडिया यांसारख्या कंपन्यांची केंद्रे आहेत आणि परम महासंगणकांची मालिका घडवणारी सी-डॅकही तेथेच आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी काही तरी नवे लिहून दाखवावे लागते. दुसऱ्याने लिहिलेले वाचून त्यातील दोष सप्रमाण दाखवणे, हा मात्र प्रकल्प मानला जात नाही. नोकरीतही वार्षिक मूल्यमापनात किती लिहिले हे विचारले जाते, किती चुका थोपवल्या हे क्वचितच. हा दृष्टिकोन बदलण्यासाठी मोठा निधी लागत नाही. एखाद्या छोट्या तापमान ड्रायव्हरचे एका सत्रात केलेले काटेकोर वाचन विद्यार्थ्याला जितके शिकवील, तितके दहा उसने प्रकल्प शिकवणार नाहीत.

तापमान सांभाळणारी आज्ञावली यशस्वी होते, तेव्हा काहीच घडत नाही. फोन थोडा मंदावतो, सर्व्हर चालू राहतो, राउटर उन्हातही टिकतो. न घडलेल्या अपघाताची बातमी होत नाही आणि तो टाळणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. उणे एक अंशाचे बेचाळीस लाख अंश होऊ शकतात हे ओळखायला महासंगणक लागला नाही, एक लक्ष देऊन वाचणारा माणूस लागला. अशी माणसे आणि त्यांना वाचायला पुरेसा वेळ या दोन्ही गोष्टी मिळतील याची तजवीज यंत्र विकणाऱ्या कंपन्यांनी केली पाहिजे. ती न केल्यास त्याची किंमत मोजेल तो चंद्रपूरच्या उन्हात तापलेला फोन हाती धरलेला ग्राहक.